अध्यक्षांचे गोपनीय कान

"आज डब्यातली भाजी कशी होती?" बायकोने विचारले.

"सांगता येत नाही," रेकॉर्ड कारकून म्हणाला.

"म्हणजे? खाल्लीत ना?"

"त्याबद्दलही आत्ता काही सांगता येणार नाही."

बायकोने रिकामा डबा ओट्यावर आपटला. गेला महिनाभर नवऱ्याच्या तोंडून हे एवढेच ऐकून तिला वीट आला होता. खरे तर हा माणूस मुळात असा नव्हता. गावच्या नगरपालिकेच्या रुग्णालयात तो रेकॉर्ड खोलीत बसायचा आणि सगळे त्याला 'दवंडी' म्हणायचे. कोणाचा मुतखडा केवढा निघाला, कोणाचे वजन किती घटले, हे पेशंटच्या आधी समोरच्या चहावाल्याला कळायचे. पेशंट चहा प्यायला गेला की चहावालाच त्याला धीर द्यायचा.

मग रुग्णांच्या गोपनीयतेचा नवा कायदा आला. एका बाईंचा फोन आला, "मी बायको बोलतेय, यांचा रक्ताचा रिपोर्ट आला का हो?" दवंडीने मोठ्या आपुलकीने सांगून टाकले, "साखर चिक्कार वाढलीय, वहिनी. गोड एकदम बंद करा." बोलणाऱ्या बाई खरोखरच बायको होत्या, आणि घोळ नेमका तिथेच झाला. आपली साखर उत्तम आहे असे सांगून तो गृहस्थ सहा महिने दोन्ही वेळा गोड हाणत होता. ते बंद झाल्यावर त्याने नव्या कायद्याखाली तीन पानी तक्रार ठोकली.

अधीक्षकबाईंनी दवंडीला समोर उभे केले. "ही पहिली आणि शेवटची. पुन्हा एका पेशंटने जरी तुमच्याविरुद्ध लेखी तक्रार केली, तर तुम्ही घरी बसायचं."

नोकरीची अजून सात वर्षे होती, मुलगी शिकत होती, आणि ज्या घरी बसायचे त्या घरी सासूबाई कायमच्या राहायला आल्या होत्या. दवंडीने कानाला खडा लावला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा तर पाणीसुद्धा फुंकू लागला. पंधरा दिवसांत त्याचे नाव बदलून 'कुलूप' पडले.

आणि अशा या कुलपाच्या स्वाधीन, एका सोमवारी सकाळी, खुद्द नगराध्यक्षांचे कान आले.

अध्यक्ष मागच्या दाराने आले. डोक्याला मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाला मास्क. इतका झाकलेला माणूस पाहून वॉचमनने ताबडतोब सलाम ठोकला, कारण साधे पेशंट उघड्या तोंडाने येतात. बरोबर त्यांचा सहायक होता. तो भिंतीला चिकटून चालत होता, त्यामुळे वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने त्याच्याकडे वळून पाहिले.

कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांत दिवा घालून पाहिले. "मळ आहे," ते म्हणाले.

"मळ म्हणजे नक्की काय?" सहायकाने काळजीने विचारले.

"मळ म्हणजे मळ. दोन्ही कानांत दगड झालाय नुसता. थेंब घालून मऊ करू आणि बुधवारी संध्याकाळी काढू."

साधा माणूस असता तर हातात थेंबांची बाटली देऊन त्याला घरी पाठवला असता. पण अध्यक्षांचा मळ असा घरी कसा पाठवणार? त्याला दुसऱ्या मजल्यावरची खास खोली मिळाली. नोंद करायला कुलूप वर आला तेव्हा सहायकाने दार लावून घेतले.

"हे बाहेर गेलं तर आम्ही संपलो," तो कुजबुजला. खरे तर कुजबुजायचे कारण नव्हते. अध्यक्ष दोन हात अंतरावर बसले होते आणि त्यांना यातले अक्षर पोचत नव्हते. "दोन वर्षं झाली. साहेबांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

"मग सभा कशी चालवतात?"

"मान हलवून."

कुलपाला एकदम सगळा उलगडा झाला. अध्यक्षांपुढे कोणीही काहीही मागो, ते शांतपणे ऐकून घेत आणि मान हलवत. रस्ता रुंद करा म्हणणाऱ्यालाही मान, रस्ता रुंद करू नका म्हणणाऱ्यालाही मान. दोघेही खूश होऊन घरी जात. गावभर त्यांचे फलक लागले होते: 'तुमचं ऐकणारा अध्यक्ष'. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणारे पुढारी गावाने पुष्कळ पाहिले होते, पण पहिल्याच कानात काही शिरू न देणारा हा पहिलाच होता.

"माझ्याकडून शब्द जाणार नाही," कुलूप म्हणाला, आणि त्याने तशी फाइल तयार केली. नाव: गोपनीय. वय: गोपनीय. आजार: गोपनीय. पुरुष की स्त्री: गोपनीय. फाइल कपाटात ठेवून त्याने कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली खिशात घालून त्या खिशाला सेफ्टी पिन लावली.

दुपारी स्वयंपाकघरातून फोन आला. "दुसऱ्या मजल्यावरच्या पेशंटला जेवण काय पाठवू? आजार काय आहे?"

"सांगता येत नाही."

"अहो, मीठ चालतं का? तेल चालतं का?"

"चालतं म्हटलं तर काय नाही ते कळेल, आणि नाही म्हटलं तर काय आहे ते कळेल. मी काहीच म्हणत नाही."

स्वयंपाकीण शहाणी बाई होती. काही माहीत नसताना धोका कशाला, म्हणून तिने मीठ, तेल, तिखट आणि साखर वगळून उरलेल्या गोष्टींचे सूप करून पाठवले. उरलेल्या गोष्टी म्हणजे गरम पाणी आणि थोडा दुधी. तीन दिवस दोन्ही वेळा हेच सूप गेले.

मजल्यावर उगाच कोणी फिरकू नये म्हणून कुलपाने जिन्यापाशी स्वतःच्या हाताने एक पाटीही लावली: 'या मजल्यावर कोणतीही महत्त्वाची व्यक्ती दाखल नाही.' खास खोलीच्या खिडकीला जाड पडदा ओढला. या खबरदारीचा परिणाम चांगलाच झाला. चार वाजेपर्यंत खिडकीखालच्या सायकल स्टँडवर पन्नास माणसे जमली आणि पडद्याकडे पाहत उभी राहिली.

पाचला मेहुण्याचा फोन आला. हा बायकोचा धाकटा भाऊ, गावच्या दैनिकाचा बातमीदार.

"भाऊजी, अध्यक्ष तुमच्याकडे आहेत?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे आहेत."

"असं मी म्हटलं नाही."

"सीरियस आहेत का?"

"सांगता येत नाही."

"बापरे! एवढे?"

"अरे, मी काहीच बोललो नाही!"

"तेच तर, भाऊजी. तुम्ही आणि काही बोलत नाही? म्हणजे फारच वाईट दिसतंय." मेहुण्याने फोन ठेवला.

कुलूप घामाघूम झाला. गुपित फोडल्याबद्दल शिक्षा होते, हे त्याला ठाऊक होते. ते न फोडल्यामुळेही फुटू शकते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

मंगळवारी भर पडली ती सुपाची. अध्यक्षांनी पहिल्या दोन वाट्या कशाबशा घोटल्या. तिसरी आली तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिले, पडद्यामागे हात घालून खिडकी उघडली, आणि वाटी बाहेर रिती केली. खाली मेहुणा उभा होता. दुधीचे गरम पाणी त्याच्या वहीवर पडले. दुसरा कोणी असता तर त्याने शिव्या दिल्या असत्या, पण हा बातमीदार होता. बुधवारच्या अंकात मथळा आला: 'अध्यक्षांच्या पोटात अन्नही टिकेना! रुग्णालयाचे मौन'.

त्यानंतर गावाने अध्यक्षांचा एकही अवयव सोडला नाही. वाचनालयात हृदय गेले होते, भाजी बाजारात मूत्रपिंड. सासूबाईंनी तर खात्रीच दिली की मेंदू काढून ठेवलाय आणि तरी फरक जाणवत नाहीये.

"निदान मला तरी सांगा हो," बायको म्हणाली. "कोणाला नाही सांगणार मी."

कुलपाच्या पोटात ते गुपित तीन दिवस नुसते उड्या मारत होते. जन्मभर सांगत आलेल्या माणसाला एवढी मोठी गोष्ट मिळावी आणि सांगता येऊ नये, याचे त्याला मनापासून दुःख झाले. एक क्षण त्याचे ओठ हलले. तेवढ्यात सासूबाई खोकल्या, आणि घरी बसणे म्हणजे काय ते त्याला आठवले. तो न जेवता कामावर गेला.

रुग्णालयात गोंधळ उडाला होता. उपाध्यक्षांनी चार वाजता तातडीची सभा बोलावली होती. अध्यक्षांची प्रकृती काम करण्याजोगी आहे असे रुग्णालयाचे पत्र चारपर्यंत आले नाही, तर नियमाप्रमाणे नवा अध्यक्ष निवडायचा. उपाध्यक्ष सकाळपासून अध्यक्षांच्या खुर्चीत बसून ती करकरते का ते पाहत होते, अशी खबर सहायकाने आणली.

"मॅडम, एक ओळ लिहून द्या," सहायक अधीक्षकबाईंच्या पुढे हात जोडून म्हणाला. "प्रकृती ठणठणीत. बस्स."

"ठणठणीत हीसुद्धा वैद्यकीय माहिती आहे," अधीक्षकबाई म्हणाल्या. "पेशंटच्या संमतीशिवाय मी ती देऊ शकत नाही. संमतीपत्रात आजार काय, कधीपासून, परिणाम काय, सगळं लिहायचं. ते रेकॉर्ड कारकुनाने पेशंटला पूर्ण वाचून दाखवायचं. मग त्यातलं काय उघड करायचं तेवढ्यावर पेशंट खूण करेल."

"मी त्यांना कागदच वाचायला देतो ना."

"वाचून दाखवायचं, असा नियम आहे. स्पष्ट, आणि पेशंटला समजेल अशा आवाजात. तुमच्या साहेबांनीच तो मंजूर केलाय. मी होते त्या सभेत. चांगली दोनदा मान हलवली होती."

शिवाय अध्यक्षांचा वाचायचा चष्मा घरी होता. ते काळा घालून आले होते. कानाचे डॉक्टर सहाशिवाय येणार नव्हते. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटे झाली होती.

कुलूप संमतीपत्र घेऊन खास खोलीत आला. अधीक्षकबाई आणि सहायक साक्षीदार म्हणून उभे राहिले. कुलपाने दाराला आतून कडी घातली. जाड पडदा नीट ओढलेला आहे ना, ते लांबूनच पाहिले. होता. पडद्यामागची खिडकी कालपासून सताड उघडी होती, पण पडदा जाड होता. शेवटी तो त्यानेच निवडला होता.

अध्यक्ष पलंगावर बसले होते. दोन्ही कानांत थेंब आणि वर कापसाचे बोळे, म्हणजे जी काही फट उरली होती तीही बुजलेली.

"मी, खाली सही करणारा," कुलपाने हळू सुरुवात केली.

"काय?" अध्यक्ष म्हणाले.

"मी, खाली सही करणारा!"

"काय?"

"मोठ्याने," अधीक्षकबाई म्हणाल्या. "समजलं नाही तर संमती बाद."

कुलपाने आवाज चढवला. अध्यक्षांनी मान हलवली. अधीक्षकबाईंनी लगेच हात वर केला. "मान नको. ऐकलं असं तोंडाने म्हणायला हवं. पुन्हा."

तीन वीस झाले. सहायक रडकुंडीला आला. "अहो, बोंबला ना जरा! नोकरी साहेबांची चाललीय, तुमची नाही!"

पण चालली होती ती आपलीच, हे कुलपाला नक्की माहीत होते. संमती झाली नाही, अध्यक्ष गेले, तर ते पहिली तक्रार कोणाची करणार? त्याने डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. बावीस वर्षांची दवंडी, महिनाभर कोंडलेली, एकदम बाहेर पडली.

"माझ्या दोन्ही कानांत मळाचे दगड झाले आहेत!"

"हां," अध्यक्ष म्हणाले. "आलं आलं. पुढं?"

"त्यामुळे गेली दोन वर्षं मला काहीही ऐकू येत नाही!"

"बरोबर. पुढं?"

"या काळात सभेत कोण काय बोललं ते मला माहीत नाही! मी फक्त मान हलवली!"

"अगदी खरं."

"ही माहिती अत्यंत गोपनीय आहे! ती या खोलीबाहेर जाणार नाही, अशी मला खात्री दिली आहे!"

"छान!" अध्यक्षांचा चेहरा उजळला. दोन वर्षांत इतके नीट त्यांच्याशी कोणी बोललेच नव्हते. त्यांनी 'प्रकृती ठणठणीत' एवढ्यावर खूण केली आणि सही ठोकली.

तेव्हा कुलपाच्या लक्षात आले की बाहेर फार शांत आहे. तीन दिवस चाललेली गर्दीची कुजबुज थांबली होती. पडदा वाऱ्याने हळूच फुगला. कुलूप पाय ओढत गेला आणि त्याने पडद्याची कड बाजूला केली. खाली दोनशे चेहरे वर पाहत होते. मधोमध मेहुणा वहीत लिहीत होता.

"भाऊजी," मेहुणा खालून ओरडला, "शेवटचं वाक्य पुन्हा सांगता का? 'गोपनीय'च्या पुढचं!"

मग जी हशाची लाट उठली तिने पडदाही हलला. अध्यक्ष काय ते बघायला खिडकीशी आले. एवढी हसरी माणसे पाहून त्यांनी दोन्ही हात हलवले आणि बराच वेळ मान डोलावली.

अधीक्षकबाईंनी सही झालेला कागद घेतला आणि सहायकाला पत्र लिहून दिले. जाताना फक्त म्हणाल्या, "उद्या सकाळी. तक्रारीचा कागद मी टाइप करून आणते, अध्यक्षांच्या सहीला."

चारच्या सभेत काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको होता, पण झाले भलतेच. अध्यक्ष कानात बोळे घालून सभागृहात शिरले तर गॅलरीतले लोक उभे राहिले. रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत राहणारे निवृत्त मास्तर सगळ्यांत पुढे होते. "दोन वर्षांत सहा अर्ज दिले मी गटाराचे," ते म्हणाले. "सहा वेळा मान हलवली आणि काही केलं नाही. मला वाटायचं, माणूस नालायक आहे. बिचाऱ्याला ऐकूच येत नव्हतं!"

बिचारा, बिचारा, असे गॅलरीभर झाले. मग लोकांनी बाकीच्या सभासदांकडे पाहिले. ज्यांना चांगले ऐकू येत असून ज्यांनी काही केले नव्हते, असे ते तीसजण खाली मान घालून बसले. उपाध्यक्षांनी वाऱ्याची दिशा पाहिली आणि अध्यक्षांवर विश्वास दाखवणारा ठराव स्वतःच मांडला.

त्या रात्री कुलपाने बायकोला सगळे सांगितले. आता लपवायला उरलेच काय होते! ती आधी पोट धरून हसली, मग त्याचा चेहरा पाहून तिने त्याच्यापुढे ताट सरकवले. "नाही करणार हो ते तक्रार," ती म्हणाली. "सांगता येत नाही," तो म्हणाला, आणि या वेळी ते अगदी खरे होते.

गुरुवारी सकाळी अधीक्षकबाई कागद घेऊन खास खोलीत शिरल्या, मागे कुलूप. अध्यक्ष पलंगाच्या कोपऱ्यात बसले होते. कान आदल्या संध्याकाळी साफ झाले होते. जिन्यावर अर्ज घेतलेल्या लोकांची रांग लागली होती आणि त्यांचे बोलणे दारातून आत येत होते.

"हे लोक एवढं बोलतात?" अध्यक्षांनी पांढऱ्या चेहऱ्याने सहायकाला विचारले.

"रोज, साहेब."

"रोज?"

अधीक्षकबाईंनी कागद पुढे केला. "यांनी तुमची माहिती फोडली. इथे सही केलीत की यांना काढता येईल."

अध्यक्षांनी पेन हातात घेतले. कुलपाने खिशाची सेफ्टी पिन काढून किल्ली बाहेर काढली. ती आता परत द्यावी लागणार होती. अध्यक्ष मात्र त्याच्याकडे निरखून पाहत होते.

"काय हो, माझे कान बरे झाले, ही माहिती पण गोपनीय ना?"

"अत्यंत," कुलूप म्हणाला.

"डॉक्टर, मॅडम, हा माझा माणूस आणि तुम्ही. यातलं कोणी बाहेर बोललं तर?"

"घरी बसावं लागेल, साहेब."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावले. तक्रारीच्या कागदाची चौकोनी घडी घातली आणि ती आपल्या खिशात ठेवली. "मग राहू द्या. सध्या तरी माझी काही तक्रार नाही. पण माहिती बाहेर न देण्याचा काही गुप्ततेचा फॉर्म असेल ना, तो आणा, आणि मला वाचून दाखवा."

कुलपाने आधी पडदा बाजूला सारून खिडकी बंद केली, दोनदा ओढून पाहिली. मग तो तोंडातल्या तोंडात वाचू लागला.

"हळू की जरा," अध्यक्ष म्हणाले. "कानठळ्या बसतात."

फॉर्मवर सही झाली तोच दार ढकलून निवृत्त मास्तर आत आले. त्यांच्या हातात सातवा अर्ज होता. ते अध्यक्षांच्या कानाशी वाकले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "गटार तुंबलंय, साहेब! घरात पाणी शिरलंय!"

अध्यक्षांनी कानामागे पंजा धरला. "काय?"

मास्तर पुन्हा ओरडले. अध्यक्ष पुन्हा "काय?" म्हणाले, आणि मोठ्या प्रेमाने मान हलवली. मास्तरांनी अर्ज खिशात ठेवला आणि अध्यक्षांच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे, असू दे. आधी तुम्ही बरे व्हा. गटार काय, थांबेल."

कुलूप त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेला. पाटी अजून तिथेच होती.

"तुम्ही रेकॉर्डवाले ना?" मास्तरांनी विचारले. "किती दिवस लागतील हो त्यांना ऐकू यायला?"

उत्तर कुलपाच्या जिभेवर येऊन बसले होते. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. मग त्याला अध्यक्षांच्या खिशातला घडी घातलेला कागद आठवला.

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

"हो, हो, कायदा आहे ना," मास्तर समजूतदारपणे म्हणाले, आणि ओले बूट पचपच वाजवत जिना उतरून गेले.